डॉग पार्क: शोधावा कसा, आत जावं कसं

प्रवासात कुत्र्याला मोकळं पळवायचं असेल तर नकाशावर नुसतं ‘डॉग पार्क’ शोधून भागत नाही. कुत्रा नेता येणारी बाग वेगळी आणि पट्टा सोडता येणारी वेगळी. शोधताना ‘ऑफ-लीश’ (पट्ट्याविना) असं टाका, मग त्या गावच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर खात्री करा. काही ठिकाणी पट्टा ठराविक वेळेतच सोडता येतो, काही ठिकाणी परवाना किंवा लशीचा दाखला लागतो.

नंतर उपग्रह दृश्य उघडा. कुंपण सलग आहे का, सावली आहे का, रस्ता किती जवळ आहे, याचा तिथेच अंदाज येतो. अलीकडच्या फोटोंत जाळीखाली उकरलेले खड्डे दिसले तर खोडकर, खणणाऱ्या कुत्र्याला तिथे नेऊ नका. एकामागे एक दोन फाटकं असलेली जागा उत्तम. लहान कुत्र्यांचा वेगळा भाग असेल तर आणखी चांगलं.

लसी पूर्ण नसलेलं पिल्लू आणि माजावर आलेली कुत्री घरीच ठेवा. पार्व्होचा (कुत्र्यांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या रोगाचा) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे जागा स्वच्छ दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. हाक मारल्यावर कुत्रा येत नसेल तर आधी दहा मीटरच्या दोरीवर मोकळ्या जागी सराव करून घ्या. पाणी आणि भांडं आपलंच न्या, कारण सामायिक भांड्यातून जिआर्डियासारखे पोटाचे आजार पसरतात. खाऊ आणि आवडता चेंडू मात्र नको, त्यावरूनच भांडणं लागतात.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे फाटक. आत जाण्याआधी बाहेरून पाच-दहा मिनिटं बघा. नवा कुत्रा आला की आतले सगळे फाटकावर धावतात. ती गर्दी पांगेपर्यंत थांबा. पट्टा दोन फाटकांच्या मधल्या जागेत काढा. पट्ट्यातला कुत्रा मोकळ्या कुत्र्यांत गेला की त्याला मागे सरता येत नाही, आणि घाबरलेला कुत्रा चावतो. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि काट्यांचा गळपट्टाही काढा, खेळताना दुसऱ्याचा दात किंवा पाय त्यात अडकतो. आत शिरल्यावर उभे राहू नका, चालत राहा. कुत्रा तुमच्या मागे येतो आणि घोळका सैल होतो.

पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करणं, आळीपाळीने पाठलाग करणं, हा खेळ. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली असेल तर लगेच बोलवा. शंका असेल तर पाठलाग करणाऱ्याला क्षणभर धरा. दुसरा परत जवळ आला तर खेळ चालू द्या. निघून गेला तर त्याला पुरे झालंय. फोन खिशात ठेवल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही.

भांडण पेटलंच तर गळपट्ट्याकडे हात नेऊ नका, चावे तिथेच बसतात. आधी मोठा आवाज करा, तोंडावर पाणी मारा. तरी सुटले नाहीत तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागे ओढावं. केसांखालचे दातांचे खोल व्रण वरून दिसत नाहीत, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या खेपेला वीस मिनिटं पुरे. उन्हात तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही भाजतील. निघताना विष्ठा उचला, आणि गाडीत बसण्याआधी कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा.