पोराचं टायमिंग चुकतंय? या चुका टाळा

सांगलीतल्या बॅडमिंटन हॉलमध्ये संध्याकाळी कोर्टाबाहेरून एक आवाज हमखास येतो, "अरे, लवकर मार की!" सगळ्यात मोठी चूक हीच. पोराचा हात बहुधा उशीर करत नसतो, शटलपर्यंत पोचायलाच उशीर झालेला असतो. ओरडा ऐकून ते रॅकेट आणखी घाईनं फिरवतं आणि शटल फ्रेमला लागतं.

थोडा वेळ शटल सोडा, नुसते पोराचे पाय बघा. समोरचा फटका मारतो तेव्हा टाचा जमिनीला चिकटलेल्या आहेत का? मग दुखणं तिथंच आहे. समोरच्याची रॅकेट शटलला लागते त्या सुमारास छोटी उडी घेऊन चवड्यांवर उतरायचं, म्हणजे हव्या त्या बाजूला सुटता येतं. हीच स्प्लिट स्टेप. फार आधी घेतली तर पोरगं उतरून थिजतं, उशिरा घेतली तर शटल निघून गेलेलं असतं. रोज दहा मिनिटं रॅकेट बाजूला ठेवा आणि दुसऱ्यांचा खेळ बघत प्रत्येक फटक्याला ही उडी घ्यायला लावा. पोरं कंटाळतात, तरी सोडू नका.

सर एका लयीत शटल टाकतात तेव्हा पोरगं झकास मारतं, मॅचमध्ये मात्र गडबडतं. त्याला सरांच्या हाताची लय पाठ झालेली असते, समोरच्याचा खांदा आणि रॅकेट वाचायची सवयच नसते. लय मोडा. एक उंच, एक नेटजवळ, मध्येच थांबून तिसरं. आणि रोज भरपूर रॅली खेळू द्या.

सराव प्लॅस्टिकच्या शटलवर आणि स्पर्धा पिसांच्या, हेही नडतं. पिसांचं शटल शेवटी झपकन मंदावून खाली येतं. उन्हाळ्यात हवा विरळ होते, तेच शटल लांब जातं. शटलवरचा नंबर त्याचा वेग सांगतो, कमी नंबर म्हणजे हळू शटल. ७७ नंबरचं कोर्टाबाहेर पडत असेल तर ७६ घ्या.

आठव्या वर्षीच एका खेळाला जुंपायची घाई मला पटत नाही. १९३३ साली सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळायचे. १९५६ साली परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. लगोरी, विटीदांडू, क्रिकेट, सगळ्यांतून येणाऱ्या वस्तूचा अंदाज पक्का होतो.

मुली साधारण बाराव्या, मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढतात. हातपाय लांबतात, जुना अंदाज काही महिने चुकतो. नेमके तेव्हाच पालक रॅकेट बदलतात, क्लास बदलतात. तसं करू नका. फटके आहेत तेच ठेवा, वेग थोडा उतरवा आणि फुटवर्क चालू ठेवा.