वृषणांच्या संप्रेरक-तपासणीत या चुका टाळा

संध्याकाळी कामावरून परतताना लॅबमध्ये रक्त देणे सोयीचे असले, तरी टेस्टोस्टेरॉन या वृषणात तयार होणाऱ्या पुरुषी संप्रेरकाच्या तपासणीला ती वेळ चालत नाही. हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते आणि दिवसभरात उतरते, शिवाय खाण्यानेही त्याची पातळी काही काळ खाली येते; म्हणून नमुना सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावा. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल, तर तपासणी पुढे ढकलावी. पहिला आकडा कमी आला, तर वेगळ्या दिवशी सकाळी तीच तपासणी पुन्हा केल्याशिवाय निदान करू नये. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही खालची सीमा मानते. 290 च्या एकाच रिपोर्टवर इंजेक्शन सुरू करणे ही घाईच होय.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र वेगळी आहे: टेस्टोस्टेरॉन ठीक म्हणजे वृषण ठीक, असे मानणे. वृषणात संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि शुक्राणू घडवणाऱ्या नलिका वेगळ्या. समजा, मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन 420 आहे, पण एफएसएच (शुक्राणूनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक) 24, म्हणजे बरेच वाढलेले आहे. पहिला आकडा पाहून तो निश्चिंत होतो. दुसरा सांगतो की नलिका दाद देत नसल्याने मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी जास्त एफएसएच सोडून जोर लावत आहे. याउलट टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारे पीयूषिकेचे संप्रेरक) आणि एफएसएच वाढलेले नसतील, तर दोष बहुधा वृषणात नसून वर, पीयूषिकेत किंवा मेंदूत असतो, आणि तेव्हा प्रोलॅक्टिन हे पीयूषिकेचे आणखी एक संप्रेरकही पाहावे लागते. एफएसएच सामान्य असतानाही वीर्यात शुक्राणू नसू शकतात. त्यामुळे वीर्यतपासणी टाळून केवळ रक्तावर भागत नाही (लाजेपोटी ती टाळली जाते, हे खरे).

लठ्ठपणा किंवा मधुमेह असल्यास टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे प्रथिन, एसएचबीजी, कमी होते आणि एकूण आकडा फसवा ठरतो. अशा वेळी मुक्त (प्रथिनांना न चिकटलेले) टेस्टोस्टेरॉन गणिताने काढून घ्यावे.

केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या काही यंत्रांवर टेस्टोस्टेरॉन खोटेच वाढवून आणि एलएच, एफएसएच खोटेच घटवून दाखवतात. त्या तपासणीपूर्वी किती दिवस थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारावे. जिममध्ये घेतलेली इंजेक्शनेही लपवू नयेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्यावर येतात, शुक्राणूनिर्मिती मंदावते किंवा थांबते, आणि इंजेक्शने सोडल्यावरही ती पूर्ववत व्हायला अनेक महिने लागू शकतात.