जुन्या आकृतीवर पट्टी ठेवू नका: ऑप्टिकल पेटंटमध्ये या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या गाळ्यांमध्ये एलईडीचं भिंग तयार झालं की अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात जातो. परीक्षण अहवालात ‘हे नवीन नाही’ म्हणत परीक्षक एखाद्या जुन्या पेटंटची आकृती पुढे करतो. उत्तराला सहा महिने असतात, पण घाईत चुकीचाच मुद्दा धरला जातो.

सगळ्यात आधी, आकृती मोजायला, हात जातो पट्टीकडे. समजा, आकृतीत सपाट-बहिर्वक्र भिंग आहे आणि समांतर किरण वक्रता त्रिज्येइतक्याच अंतरावर मिळालेले दिसतात. त्रिज्येला अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते तो आकडा) वजा एकने भागलं की नाभीय अंतर (भिंगापासून असे किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर) मिळतं, म्हणजे इथे अपवर्तनांक २ लागेल. भिंगांच्या नेहमीच्या बीके७ काचेचा १.५१७ असतो आणि नाभीय अंतर त्रिज्येच्या १.९३ पट पडतं. किरण नुसते समजावण्यापुरते ओढलेत, हे उघड आहे. आकृती प्रमाणात काढल्याचा उल्लेख नसेल, तर तिच्यावर मोजलेलं गुणोत्तर पुरावा धरत नाहीत, हे अमेरिका-युरोपात रुळलेलं तत्त्व आहे. उत्तरात हे गणितासकट मांडा.

पण रचना ही वेगळी गोष्ट. डायाफ्राम (प्रकाश मर्यादित करणारी छिद्राची चकती) भिंगाच्या आधी आहे, फुगीर बाजू एलईडीकडे आहे, हे स्वच्छ दिसत असेल तर मजकुरात अवाक्षर नसलं तरी ते उघड झालेलंच आहे. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

खरा घात होतो तो आकृतीसोबतच्या तक्त्यात, आणि तोच कुणी वाचत नाही. त्रिज्या, जाड्या, अंतरं, अपवर्तनांक दिले असतील तर परीक्षक बाकी सगळं काढू शकतो. तुमचा दावा (अर्जात ज्यावर हक्क मागितलाय ते) पहिल्या भिंगाचं नाभीय अंतर एकूण नाभीय अंतराच्या ०.८ ते १.२ पट असल्याचा आहे, आणि जुन्या तक्त्यातून ०.९५ आलं, तर नवीनता संपली. मग पल्ला आवळायचा, पण पेटंट कायद्याचं कलम ५९ मूळ तपशिलात (अर्जातल्या वर्णनात) नसलेलं काही घालू देत नाही. म्हणून अर्जाआधीच जुने तक्ते भिंग-रचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहा, आणि तपशिलात ०.९८ ते १.२, १.० ते १.१५ असे आतले पल्लेही आकड्यांच्या उदाहरणांसह लिहा.

स्वतःची आकृतीही आड येते. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात स्टॉलवर भिंगाचा छेद छापलेलं पत्रक वाटलं, तर तेही पूर्वज्ञान (अर्जाआधीच जाहीर झालेली माहिती) ठरू शकतं. कलम ३१ची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच आहे, तीही प्रदर्शन उघडल्यापासून १२ महिन्यांत अर्ज केला तर. पत्रक छापायला देण्याआधी निदान तात्पुरता अर्ज (पूर्ण तपशिलाआधीचा प्राथमिक अर्ज) भरून क्रमांक हातात घ्या.