बॅरी बाँड्सचे आकडे वाचायचे कसे: सुरुवात होम रनपासून नको, वॉकपासून करा

अमेरिकन बेसबॉलपटू बॅरी बाँड्सचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "सर्वांत जास्त होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा, बहुधा मैदानाबाहेर जाणारा फटका) त्याचेच." दुसरं, "ते सगळे औषधं घेऊन मारलेले." दोन्ही बोलायला त्याच्या आकड्यांचं पान उघडावं लागत नाही. उघडायचं असेल तर कागद, पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा, अर्ध्या तासाचं काम आहे.

क्रिकेटची सवय असलेल्याला पहिली ठेच सरासरीला लागते. बाँड्सची कारकिर्दीची सरासरी .२९८. तिचा धावांशी संबंध नाही: १००० ॲट बॅटमध्ये २९८ हिट (बेस मिळवून देणारे फटके), एवढाच तिचा अर्थ. दुसरी ठेच पीए आणि एबी या रकान्यांत. फलंदाज होम प्लेटपाशी (फलंदाजीच्या जागी) उभा राहून त्याची पाळी संपली की एक पीए, म्हणजे प्लेट अपिअरन्स. त्यातून वॉक, अंगावर बसलेला चेंडू आणि सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे सरकवणं) वगळले की उरतो एबी, म्हणजे ॲट बॅट. वॉक म्हणजे स्ट्राइक झोनबाहेरचे (मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरचे) चार चेंडू बॅट न फिरवता सोडले की फुकटात मिळणारा पहिला बेस. हा फरक डोक्यात बसला नाही तर पुढचं सगळं चुकतं.

आता थेट २००४ ची ओळ काढा. एबी फक्त ३७३. वर्षभर जायबंदी होता की काय, असं वाटेल. प्रत्यक्षात तो १४७ सामने खेळला. बेरीज करून बघा: ३७३ एबी, २३२ वॉक, ९ वेळा अंगावर चेंडू, ३ सॅक्रिफाइस फ्लाय. एकूण ६१७ पीए. त्यात हिट १३५. ऑन बेसचं प्रमाण काढायचं तर १३५ + २३२ + ९ = ३७६, भागिले ६१७, म्हणजे .६०९. दहापैकी सहा वेळा हा माणूस बाद न होता बेसवर. साधारण फलंदाज तेव्हा .३३० च्या आसपास असायचा.

"पण वॉक तर समोरच्यांनीच दिले," असा आक्षेप येतो. रास्त आहे, तोही तपासा. २३२ पैकी १२० मुद्दाम दिलेले होते. आयबीबी असा त्यांचा वेगळा रकाना असतो. वरून आणि खालून, दोन्हीकडून १२० वजा करा: २५६ भागिले ४९७. तरीही .५१५. बहुतेक जण इथे एकच चूक करतात, १२० फक्त वरून वजा करतात. मग .४१५ येतो आणि निष्कर्षच फिरतो.

मुद्दाम वॉक म्हणजे "भीक नको, पण कुत्रा आवर" म्हणत एक बेस देऊन टाकणं. २८ मे १९९८ ला ॲरिझोना डायमंडबॅक्स बाँड्सच्या जायंट्स संघाविरुद्ध ८-६ ने पुढे होते. नववी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेसवर धावपटू आणि समोर बाँड्स. मॅनेजर बक शोवॉल्टरने त्याला मुद्दाम वॉक द्यायला लावला. म्हणजे एक धाव हाताने बहाल केली, ८-७. पुढचा फलंदाज ब्रेंट मेन उजव्या बाजूला झेल देऊन बाद झाला आणि ॲरिझोना जिंकलं. या सामन्याची तारीख कागदावर नोंदवून ठेवा, पुढे लागेल.

मग कारकीर्द दोन भागांत कापा. औषधं सुरू झाली ती कधी, याची रेघ टीकाकार १९९८ च्या हंगामानंतर ओढतात. मार्क मॅग्वायरने ७० होम रन मारले ते हे वर्ष. ही रेघ म्हणजे गृहीतक आहे, सिद्ध झालेली तारीख नव्हे. तरी हिशेबाला ती उपयोगी पडते. १९८६ ते १९९८: ४११ होम रन, ४४५ चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेला पुढचा बेस), ३ एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब), ८ गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार). १९९९ ते २००७: ३५१ होम रन, ६९ चोरलेले बेस, ४ एमव्हीपी. नुसते होम रन बघितले तर पहिला भाग मोठा वाटतो. एबीने भागा: पहिल्या भागात ६६२१ एबी, म्हणजे दर १६.१ एबीला एक. दुसऱ्या भागात ३२२६, म्हणजे दर ९.२ ला एक. पस्तिशीनंतर फलंदाज मंदावतो, हा मात्र जवळजवळ दुप्पट वेगाने मारायला लागला. संशयाचं मूळ इथे आहे. आणि वर नोंदवलेली तारीख या रेघेच्या आधीची. १९९२ ते १९९८ दर वर्षी नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सर्वांत जास्त मुद्दाम वॉक त्यालाच मिळाले होते. पहिल्या भागावर निवृत्त झाला असता तरी तो मोठाच ठरला असता, असं माझं मत. ते या हिशेबावर आहे.

२००१ च्या ७३ होम रनबद्दल, म्हणजे एका हंगामातल्या विक्रमाबद्दल, एक खबरदारी. पुढच्या वर्षी ४६ च झाले, "कारण गोलंदाजांनी टाकणंच सोडलं," असं सांगतात. अर्धवट खरं आहे. मुद्दाम वॉक ३५ वरून ६८ झाले, पण होम रनमागचे एबीही ६.५ वरून ८.८ झाले. आणि ॲरन जजचे २०२२ मधले ६२ हा फक्त अमेरिकन लीगचा विक्रम. मेजर लीगचा अजून ७३ च.

औषधांच्या वादासाठी वेगळा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: नियम, जबानी, निकाल. बातम्या वाचताना हे तिन्ही एकमेकांत कालवले जातात.

नियमात लिहा: १९९१ मध्ये कमिशनर फे व्हिन्सेंटच्या पत्रकाने स्टेरॉइड निषिद्ध ठरवले, पण चाचणी नव्हती. २००३ मध्ये निनावी चाचण्या झाल्या आणि २००४ पासून नावानिशी. म्हणून "तेव्हा बंदीच नव्हती" हेही चूक आणि "चाचणीत सुटला म्हणजे स्वच्छ" हेही चूक.

जबानीत: खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेवर सप्टेंबर २००३ मध्ये धाड पडली, डिसेंबरमध्ये बाँड्स ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या ज्युरीपुढे) आला. प्रशिक्षक ग्रेग अँडरसनने दिलेले पदार्थ वापरले, पण ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम समजून, असं त्याने सांगितलं.

निकालात: २०११ मध्ये खोट्या साक्षीच्या तीन आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. न्यायात अडथळा आणल्याबद्दल मात्र दोषी ठरला. तेही कशावरून? अँडरसनने स्वतः टोचून घेण्यासारखं काही दिलं का, या प्रश्नावर तो नामवंत बापाच्या पोटी वाढण्याबद्दल बोलत राहिला, त्या भरकटलेल्या उत्तरावरून. शिक्षा ३० दिवस घरात स्थानबद्धता. एप्रिल २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तीही रद्द केली. "स्टेरॉइडसाठी शिक्षा झाली" असं कुणी लिहिलं तर ते इथेच खोडा.

हॉल ऑफ फेमचा, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीचा, हिशेब सोपा: पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात, संधी १० वर्षं. २०१३ मध्ये ३६.२ टक्के, शेवटच्या २०२२ मध्ये ६६. पुढे समितीपुढेही जमलं नाही.

शेवटी त्याच्या कारकिर्दीच्या ७६२ होम रनपुढे चांदणी (विक्रम वादग्रस्त असल्याची * अशी खूण) शोधू नका. अधिकृत नोंदीत ती नाही. चांदणी आहे ती ७ ऑगस्ट २००७ च्या ७५६ व्या होम रनच्या चेंडूवर, हँक ॲरनच्या ७५५ पुढे नेणाऱ्या. फॅशन डिझायनर मार्क एकोने तो ७,५२,४६७ डॉलरला घेतला, काय करायचं यावर लोकांचं ऑनलाइन मत घेतलं, आणि चांदणी उमटवून कूपर्सटाउनच्या संग्रहालयाला दिला. बाँड्सला प्रवेश नसलेल्या त्याच हॉल ऑफ फेमचं ते संग्रहालय.