स्कॅन मागाहून, आधी निगेटिव्ह बघा

गोव्यात फिल्म कॅमेऱ्यावर फोटोग्राफी शिकायची तर रोल कुठे धुवायला देता यावर निम्मं शिक्षण अवलंबून आहे. पणजी, म्हापसा, मडगाव, कुठेही रोल देताना आधी विचारा: इथेच धुता की बाहेर पाठवता? आणि रंगीत रोल किती येतात? रंगीत रोल धुण्याच्या सी-४१ पद्धतीत चित्र उमटवणारं केमिकल, म्हणजे डेव्हलपर, ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद काम करतं. रोल कमी येत असतील आणि केमिकल वेळेवर बदललं जात नसेल, तर ते हवेने खराब होतं. हे विचारलेलं न आवडणाऱ्या लॅबमध्ये मी जात नाही.

मला सर्वांत महागात पडलं ते असं. फोंड्याच्या शिगम्याचे रोल एका लॅबमधून आले ते करडे, सावल्यांत दाणेच दाणे. काउंटरवर उत्तर मिळालं, "एक्स्पोजर कमी पडलंय तुमचं." नवीन माणसाला ते पटतंच. पुढचे रोल मी स्टॉपभर जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश देऊन काढले, तरी तेच. शेवटी निगेटिव्ह खिडकीपाशी धरून कडेची अक्षरं पाहिली. फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात, तुमच्या शटरचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती दिसू लागतात डेव्हलपरमध्ये. म्हणून अक्षरं ठळक पण चित्र पुसट असेल तर एक्स्पोजर कमी. ताज्या रोलवर अक्षरंही पुसट असतील तर धुणं कच्चं. शंका आली तर त्याच फिल्मचा दुसरीकडे धुतलेला रोल शेजारी ठेवून बघा. स्कॅनमध्ये हे कळत नाही, कारण स्कॅनर पातळ, म्हणजे फिकट, निगेटिव्हसुद्धा आपोआप उजळून देतो. "लाइटरूममध्ये बघू" म्हणत सगळं फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरवर सोडणाऱ्या गुरूंपेक्षा लग्नांचे रोल धुतलेला जुना स्टुडिओवाला पाच मिनिटांत जास्त शिकवतो.

निगेटिव्ह परत मिळणार नसेल तर रोल देऊच नका. स्कॅन करून फेकून देणाऱ्या लॅब आहेत.

प्रिंटचं गणित सोपं आहे. १८०० बाय १२०० पिक्सेलच्या स्कॅनचा ६ बाय ४ इंची प्रिंट छान येतो. १८ बाय १२ हवा असेल तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, ५४०० बाय ३६०० लागतात, तेव्हा मोठा स्कॅन आधीच सांगा. सिनेमाची फिल्म भरलेला स्वस्त रोल असेल तर तेही सांगा. तिच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर असेल आणि तो साध्या सी-४१ मशीनमध्ये सुटला की इतरांचेही रोल खराब होतात.

काढलेला रोल पावसाळाभर कपाटात ठेवू नका, उष्णतेने आणि दमटपणाने न धुतलेली प्रतिमा विरत जाते. लगेच देणं जमत नसेल तर हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

एवढं वाचून घाबरू नका. कृष्णधवल रोल घरीच धुता येतो आणि नव्या माणसाने तो घरीच धुवावा असं माझं ठाम मत आहे. फक्त आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी गरम येतं, डेव्हलपरला साधारण २० अंश हवेत. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत बाटली उभी करा, थर्मामीटर बघा, मगच रोल धुवायच्या टाकीत ओता.