लिनक्सवर ऑडिओ सीडी रिप होत नाहीये (म्हणजे गाणी फाइल बनून कॉम्प्युटरवर उतरत नाहीयेत)? आधी हे बघा

सीडी टाकली आणि माउंट होत नाही (म्हणजे फोल्डरसारखी उघडत नाही) म्हणून ड्राइव्हला शिव्या घालू नका, ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टिमच नसते, त्यामुळे माउंट एरर येणं नॉर्मल आहे. आधी टर्मिनलमध्ये सीडीपॅरानोइया (ऑडिओ सीडी रिप करणारा प्रोग्राम) मायनस कॅपिटल क्यू (cdparanoia -Q) देऊन ट्रॅकची यादी येते का बघा. परमिशनची बोंब असेल तर आपला युजर सीडीरॉम ग्रुपमध्ये घाला, मग लॉगआउट करून परत लॉगइन करा, हे शेवटचं सगळेच विसरतात (मी दोनदा विसरलोय).

यादी येते पण रिप मध्येच अडकतं? मग प्रोग्रेसमधला स्मायली बघा, :-) म्हणजे मस्त चाललंय, :-( आला की ओरखडा सापडलाय. डिस्क काढून मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग मायनस कॅपिटल एसने स्पीड ४ वर आणा, वेळ लागतो पण बऱ्याचदा काम होतं. मायनस कॅपिटल झेडने एरर-तपासणी बंद होते, फाइल पटकन मिळते पण गाण्यात टकटक ऐकू येऊ शकते, म्हणून मी तरी ते टाळतो. तरीही नाहीच जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकून बघा, एकाला न वाचता येणारी डिस्क दुसरा कधीकधी आरामात वाचतो.