लोअर आर्मचे बुश घरी कसे बदलावेत

खड्ड्यातून चाक गेलं की पुढून ‘टक’ असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी जराशी एका बाजूला ओढते, आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. शॉक अ‍ॅब्झॉर्बर ठीक असतील, तर संशय लोअर आर्मच्या (चाकाला चॅसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशवर घ्यायला हरकत नाही. हे काम घरी होतं. वेळ मात्र हातात ठेवा, कारण जुना बोल्ट किती गंजलाय हे पाना लावेपर्यंत कळत नाही.

आधी बुश आतून कसा असतो ते पाहू. धातूच्या दोन नळ्या, एकीत दुसरी, आणि मध्ये रबर. रबर बहुधा दोन्ही नळ्यांना कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली, आतली बोल्टने चॅसीला आवळलेली. चाक वर-खाली होतं तेव्हा बुशमध्ये काहीही घासत फिरत नाही. रबर फक्त पिळतं आणि पुन्हा सुटतं. शेवटचा बोल्ट कधी आवळायचा हे यावरच ठरतं, आणि घरी केलेलं काम फसतं ते बहुधा तिथेच.

बुश खरंच गेलाय का?

रबरावरच्या बारीक वरवरच्या चिरा वयाने पडतात, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. गाडी उचलून स्टँडवर टेकवा आणि लांब टॉमी (लोखंडी दांडा) आर्म आणि चॅसीच्या मध्ये घालून हलकेच दाबा. रबर थोडं दबणारच. पण आतली नळी बाहेरच्या नळीला टेकत असेल, फट आरपार दिसत असेल किंवा रबर नळीपासून सुटलं असेल, तर बुश गेला. काही बुशांमध्ये द्रव भरलेला असतो. तो गळून आर्म ओला, चिकट झालेला दिसला तर तपासायला आणखी काही लागत नाही.

एका बाजूचा गेला असेल तरी दोन्ही बाजूंचे बदला. एकीकडे कडक आणि एकीकडे सैल बुश घेऊन गाडी सरळ चालत नाही.

हात लावण्याआधी

स्प्रिंग कुठे बसली आहे ते बघा. ती शॉक अ‍ॅब्झॉर्बरभोवती, स्ट्रटमध्येच (दोन्हींच्या एकत्र खांबात) अडकवलेली असेल तर लोअर आर्म काढल्याने ती सुटत नाही. पण स्प्रिंगचं खालचं टोक थेट लोअर आर्मवर टेकलेलं असेल, किंवा स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) असेल, तर हे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग अचानक सुटली तर जीव जाऊ शकतो.

दुसरा निर्णय म्हणजे नुसते बुश घ्यायचे की पूर्ण आर्म. बऱ्याच गाड्यांना बुश आणि बॉल जॉइंटसह (आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या गोल सांध्यासह) अख्खा आर्म मिळतो. बॉल जॉइंटलाही प्ले (ढिलेपणा) आला असेल किंवा आर्म गंजला असेल, तर माझं मत सरळ अख्ख्या आर्मच्या बाजूने आहे. थोडे जास्त पैसे जातात, पण बुश दाबून काढण्या-बसवण्याचा सगळा उपद्व्याप वाचतो. आर्म धडधाकट असेल तर मात्र नुसते बुश पुरेत.

सामान: जॅक, दोन मजबूत स्टँड, चाकांना लावायला ठोकळे, गोटी पाने, लांब दांडा, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), व्हाइस, हॅकसॉ, चष्मा. बुश दाबायला प्रेस नसेल तर १२ किंवा १४ मिलिमीटरचा हाय-टेन्साइल आट्यांचा रॉड, त्याचे नट, जाड वॉशर आणि नळीचे दोन तुकडे घ्या. साधा मऊ रॉड घेतलात तर त्याचे आटे ऐन वेळी जातील. गंज सोडवणारं तेल सगळ्या बोल्टांवर आदल्या दिवशीच मारून ठेवा.

एक माप आत्ताच घ्या. गाडी सपाट जागेवर स्वतःच्या चाकांवर उभी असताना चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. समजा ते ३७ सेंटिमीटर भरलं. हा आकडा शेवटी लागणार आहे.

आर्म काढणे

हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढच्या चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. मग पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर टेकवा आणि चाकं काढा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग नेऊ नका. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंना जोडणारी सळई) पिळलेला राहतो आणि त्याची लिंक सुटताना उसळते, म्हणून दोन्ही बाजू एकदमच उचलायच्या.

लिंक आर्मला जोडलेली असेल तर ती सोडा. मग बॉल जॉइंट. काही गाड्यांत तो आडव्या बोल्टने आवळलेला असतो. बोल्ट पूर्ण काढून खाच किंचित फाकवली की तो खाली येतो. निमुळत्या दांड्याचा असेल तर नट सैल करून आट्यांवरच राहू द्या आणि पुलर लावा, किंवा नकलच्या (दांडा ज्यात बसतो त्या चाकाकडच्या भागाच्या) बाजूवर हातोड्याचे दोन-तीन ठाम घाव घाला. दांड्याच्या टोकावर ठोकू नका, आटे चपटे होतात. जॉइंट सुटल्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढला जाऊ देऊ नका, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निखळू शकतो. ब्रेकच्या पाइपवर ताण येत नाही ना, तेही बघा. तारेने हब बांधून ठेवला की दोन्ही काळज्या मिटतात.

आता चॅसीकडचे बोल्ट. एखाद्या बोल्टचं डोकं गोल वॉशरवर मध्यापासून सरकलेलं असेल तर त्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन) ठरते. रंगाने त्याची जागा आखूनच तो फिरवा.

जुना बाहेर, नवा आत

आर्म व्हाइसमध्ये धरला की लगेच ठोकाठोक सुरू करू नका. जुन्या बुशच्या रबरात अर्धचंद्राच्या आकाराच्या पोकळ्या आहेत का ते पाहा, विशेषतः मागच्या मोठ्या बुशमध्ये. त्या दिशेला रबर मऊ आणि उरलेल्या दिशेला कडक, असं मुद्दाम केलेलं असतं. नवा बुश ९० अंश फिरवून बसला तर गाडी विचित्र वागेल आणि बुशही लवकर फाटेल. म्हणून पोकळीच्या रेषेत आर्मवर खूण करा, फोटो काढा, आणि बुश भोकाच्या कडेपासून किती बाहेर आहे ते मोजा.

नळीचा एक तुकडा असा घ्या की जुना बुश त्याच्या पोटात सहज मावेल. तो आर्मच्या भोकाच्या कडेवर टेकवायचा. दुसरा बुशच्या बाहेरच्या नळीएवढाच, पण भोकातून जाईल इतपत लहान. रॉड मधून घाला, आट्यांना ग्रीस लावा, नट आवळत जा. पहिल्यांदा काहीच हलत नाही, मग मोठा ‘कट्’ आवाज होतो आणि बुश सरकायला लागतो. आवाजाला घाबरू नका.

हललाच नाही तर रबर ड्रिलने पोखरून आतली नळी काढा आणि हॅकसॉचं पातं भोकात घालून बाहेरच्या नळीला एक उभी चीर पाडा. पातं आर्मला लागायच्या आत थांबा. उरलेला पापुद्रा छिन्नीने आत दुमडला की नळी सैल होते. रबर जाळून काढणारे लोक आहेत. तो धूर विषारी असतो आणि आगीचा धोका वेगळाच, त्यामुळे ते नको.

भोक पॉलिश पेपरने साफ करा. नव्या बुशला बाहेरून साबणाचं पाणी लावा. तेल किंवा साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. खूण जुळवून बुश सरळ धरा आणि दाबायला लागा. जोर फक्त बाहेरच्या नळीवर यायला हवा. मधल्या रबरावर किंवा आतल्या नळीवर दाबलंत तर बुश बसण्याआधीच फाटला म्हणून समजा. पहिले काही मिलिमीटर महत्त्वाचे. तिरका जातोय असं वाटलं की थांबा, मागे घ्या, पुन्हा सरळ करा.

आवळण्याची वेळ

आर्म जागेवर चढवा, बॉल जॉइंट आणि लिंक पूर्ण आवळा. बुशचे बोल्ट मात्र फक्त हाताने टेकवा. चाक हवेत लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर आतली नळी तिथेच अडकते, आणि गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं. नवाकोरा बुश अशाने थोड्याच दिवसांत फाटतो.

म्हणून जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ लावा आणि हळूहळू उचला, मघाचं अंतर, आता हबच्या मध्यापासून मोजून, ३७ सेंटिमीटर येईपर्यंत. गाडी स्टँडवरून उचलली जातेय असं दिसलं तर तिथेच थांबा. त्यापेक्षा चाकं लावून गाडी रॅम्पवर उभी करणं बरं. आता बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. काही बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवायचे असतात आणि ते एकदाच वापरता येतात. नायलॉनच्या कड्याचे नटही नवेच लावा.

पॉलियुरेथेनचे बुश असतील तर गोष्ट वेगळी. त्यांत आतली नळी मोकळी फिरते, त्यामुळे पिळण्याचा प्रश्न येत नाही. सोबत आलेलं ग्रीस मात्र भरपूर लावावं लागतं, नाहीतर ते करकरतात. रोजच्या गाडीला मी रबरच सुचवेन, कारण खड्ड्याचा हादरा त्यात जास्त मुरतो.

चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात मारा. ब्रेक दाबून बघा, एखाद्या उंचवट्यावरून चाक न्या, आणि परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यायचंच. बुश बदलल्यावर चाकांचे कोन थोडेफार सरकतात. टायरची आतली कड आधीच खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंटनंतरही घोंगावणारा आवाज येत राहील. तो टायरचा असतो, त्यासाठी बुश पुन्हा उघडू नका.